काचा बंद होत्या

बदनापूरला जालना रोडच्या कडेला देवानंदचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, मागं सामानाची खोली आणि पुढं लिंबाची सावली. आधी तो नुसत्या मोटारींचे एसी बघायचा. मग आसपासच्या मोसंबीवाल्यांनी केबिनचे ट्रॅक्टर घेतले, आणि ऊन तापायला लागलं की तेही त्याच्या दारात येऊन उभे राहायला लागले. हाताला कसब होतं, नावही झालं होतं. लोक त्याला मिस्तरी म्हणायचे.

मार्च सरत आला होता तेव्हाची गोष्ट. पांगरीच्या बिभीषणभाऊंचा ट्रॅक्टर घेऊन राजानंद आला. राजानंद म्हणजे देवानंदचा दाजी, धाकट्या बहिणीचा, दीपमालाचा नवरा. बिभीषणभाऊंच्या बागेवर तो ड्रायव्हर होता. ट्रॅक्टरच्या मागं माती फोडायचा रोटाव्हेटर, अंगावर भुशाची पुटं आणि चेहरा घामानं निथळलेला.

"एसी गारच करून न्हाई राह्यला, देवा," खाली उतरत तो म्हणाला. "निसता घोंघावतो. आत बसलो तर भट्टीत बसल्यावानी होतंय."

"गॅस गेला असंल. बसा सावलीला, बघतो."

गॅस गेलेला नव्हता. देवानंदनं मीटर लावून पाहिलं, दाब बराबर होता. इंजिन चालू करून एसीचं बटण दाबलं तर कॉम्प्रेसरनं टक्‌ करून पकड घेतली. पट्टा घट्ट होता. पाइपाला हात लावला तर तो इतका गार की वर थेंब जमलेले. पुढच्या जाळीत गव्हाचा भुसा कोंबून बसला होता, तो त्यानं हवेनं उडवला, पाण्यानं धुतला. तरी केबिनमध्ये जाऊन झरोक्यापुढं तळहात धरला तर हवा म्हाताऱ्या माणसानं फुंकर घालावी तशी येत होती. म्हणजे गारवा तयार होत होता, पण तो आत यायला वाट नव्हती.

केबिनच्या टपाखालचं झाकण उघडलं आणि दोष सापडला. आतल्या फिल्टरच्या घड्यांमध्ये इतकी माती भरली होती की तो कागदाचा आहे हे सांगूनही पटलं नसतं. त्या कागदाच्या पोटात बारीक काळ्या कोळशाचा थर असतो. तो कशासाठी असतो, हे देवानंदला चांगलं ठाऊक होतं. फवारणीच्या औषधाचा वास आणि वाफ तो धरून ठेवतो.

त्यानं फिल्टर बाहेर काढला आणि दुकानातल्या हवेच्या कॉम्प्रेसरच्या नळीनं फुंकायला घेतला. मागं एक लग्नाची गाडी ताटकळत उभी होती, तिचा मालक सारखा हाका मारत होता. घाईत देवानंदनं हवेचा जोर कमी केला नाही. फर्रकन आवाज झाला आणि फिल्टर एका अंगानं उभा फाटला.

"हात तिच्या," देवानंद पुटपुटला. फाटका फिल्टर त्यानं कोपऱ्यात टाकला आणि झाकण रिकाम्या जागेवर तसंच लावून टाकलं. आता झरोक्यातून हवा अशी धो धो आली की राजानंदचे केस उडाले.

"आता कसं!" राजानंद हसला. "पण त्याच्याबिगर चालतंय ना?"

"नवीन मागवतो. आला की फोन करतो. तवर काय, थोडी धूळ येईल."

राजानंद गेला. ट्रॅक्टरच्या मागं रोटाव्हेटर होता, फवारणीचं यंत्र नव्हतं. देवानंदच्या डोळ्यांना तेवढंच दिसलं, आणि तो लग्नाच्या गाडीकडं वळला.

नवीन फिल्टर आला. देवानंदनं तो सामानाच्या खोलीत फळीवर ठेवला. पुढं त्यावर रबरी नळ्यांचं भेंडोळं पडलं, त्यावर आणखी काही. तो अगदीच विसरला असंही नव्हतं. एकदोनदा खोक्याचा कोपरा डोळ्यांना लागला होता. उद्या फोन करू, असं मनाशी म्हणून तो पुढच्या कामाला लागला होता.

एप्रिलच्या मध्याला मोसंबीवर कीड आली आणि बागाबागांतून फवारणीची यंत्रं घोंघावायला लागली. एका सकाळी राजानंदचा फोन आला. देवानंद तेव्हा एका जीपखाली आडवा झालेला होता. फोन त्यानं खांदा आणि कान यांच्यात धरला.

"देवा, फवारणी करून राह्यलो. केबिनमदी वास येतो रे. डोकं जड झालंय."

"काचा बंद हायेत ना?"

"बिलकुल बंद."

"मंग काही न्हाई. बाहेर फवारा असल्यावर थोडा वास येणारच. पंखा वाढवा, गार हवा लागली की बरं वाटंल."

फोन ठेवला आणि देवानंदनं पान्हा पुन्हा नटाला लावला. त्या क्षणी त्याला फिल्टर आठवला नाही. पुढं त्यानं स्वतःला कितीतरी वेळा विचारलं, खरंच आठवला नव्हता का? की मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात तो होता आणि जीपखालून उठायचा कंटाळा आला होता? याचं उत्तर त्याला कधीच नीट देता आलं नाही.

दुपारी दीपमालाचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. "दादा, जल्दी ये... जालन्याला... यांना सरकारी दवाखान्यात आणलंय."

बिभीषणभाऊंनीच त्याला स्वतःच्या गाडीत घालून आणलं होतं. बागेत ट्रॅक्टर एका झाडाला टेकून उभा होता, इंजिन चालूच, मागचं यंत्र फवारतच होतं. दार उघडलं तर राजानंद स्टिअरिंगवर पडलेला. तोंडाला लाळ, कपड्यांवर उलटी, अंग पाण्यातून काढल्यासारखं ओलं, आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या.

देवानंद पोचला तेव्हा डॉक्टरीणबाई बिभीषणभाऊंशी बोलत होत्या.

"हे फवारणीच्या औषधाचं विष आहे. अंगावर सांडलं होतं का?"

"न्हाई बाई. केबिनचा टॅक्टर आहे आमचा, साधा न्हाई. काचा बंद होत्या. एसी चालू होता."

"औषध कालवलं कुणी?"

"दुसऱ्या गड्यानं. ह्यानं हातसुद्धा लावला न्हाई."

डॉक्टरीणबाई आवाज उतरवून म्हणाल्या, "घरात काही झालं होतं का? प्यायले असतील का ते?"

बिभीषणभाऊंनी दीपमालाकडं पाहिलं. दीपमालानं जमिनीकडं पाहिलं.

देवानंद चार पावलांवर उभा होता. काचा बंद होत्या हे शब्द ऐकल्याबरोबर त्याच्या डोळ्यांपुढं झाकणामागची ती रिकामी जागा आली. वर हवा आत ओढणारा पंखा आणि पुढं काही नाही. बागेतला सगळा फवारा त्या भोकातून आत आला असणार. आणि पंखा वाढवा म्हणून सांगणारा तोच. आता बोललो नाही तर मग कधी बोलणार, असं त्याच्या मनात आलं, पण तो जागचा हलला नाही. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कसंही गेलं असो, इंजेक्शनं तीच असतात. ती चालू केली आहेत." देवानंदनं तेवढंच वाक्य पकडलं. म्हणजे मी बोललो काय आणि न बोललो काय, दाजीच्या उपचारात फरक पडत नाही. त्या वाक्याच्या आडोशाला तो उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिभीषणभाऊंचा फोन आला. "मिस्तरी, दवाखान्यातल्या चौकीचा हवालदार विचारून राह्यला, केबिनमदी औषध शिरतं का म्हणून. तुम्ही जाणकार, येऊन बघा आन्‌ मला काय ते सांगा."

देवानंद सामानाच्या खोलीत गेला. भेंडोळं बाजूला सारून खोकं काढलं आणि पिशवीत घातलं. हे कशासाठी घेतो आहोत, हे त्यानं स्वतःलाही उघड सांगितलं नाही. चूक दुरुस्त करायलाच चाललोय, असं तो वाटेत म्हणत राहिला.

ट्रॅक्टर अजून बागेतच होता. बिभीषणभाऊ यायचे होते. देवानंदनं झाकण उघडलं, फिल्टर खोक्यातून काढला. तो पांढराशुभ्र होता. कुणालाही कळलं असतं की तो आजच बसवलाय. देवानंद खाली उतरला, सरीतली मूठभर कोरडी माती घेतली आणि फिल्टरच्या घड्यांवरून चोळली. थोडी फुंकली, पुन्हा चोळली. हात आपले नसल्यासारखे चालत होते. मग फिल्टर जागेवर बसवला आणि खोकं चुरगळून पिशवीच्या तळाशी कोंबलं.

बिभीषणभाऊ आले तेव्हा तो झाकण पुन्हा उघडत होता.

"काय म्हणतंय, मिस्तरी?"

"फिल्टर हाय ना भाऊ. हे बघा. थोडा मळलाय, बाकी बराबर हाय."

"मंग आत जात न्हाई काही?"

"न्हाई."

बिभीषणभाऊंनी मोठा श्वास सोडला. माणूस वाईट नव्हता. पण आपल्या शेतात, आपल्या ट्रॅक्टरवर हे झालं याची धास्ती त्यांच्या छातीवर बसली होती, ती उतरली. मग ते मोसंबीच्या झाडाकडं बघत हळूच म्हणाले, "म्हणजे बाहेरून न्हाई गेलं. त्याच्याच मनात काहीतरी होतं म्हणायचं. इतका चांगला माणूस, एका शब्दानं बोलला न्हाई."

देवानंदनं मान हलवली. ती होकाराची होती की कसली, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. परत येताना नळावर त्यानं हात धुतले, आणि दुकानात आल्यावर पुन्हा धुतले.

दुपारपर्यंत पांगरीत बोभाटा झाला होता की राजानंद औषध प्यायला. संध्याकाळी देवानंद दवाखान्यात गेला तेव्हा ती गोष्ट त्याच्या आधी तिथं पोचली होती. राजानंद शुद्धीवर येत-जात होता. इंजेक्शनांमुळं तोंडाला कोरड पडली होती आणि भान हललं होतं. पडल्या पडल्या तो दोन्ही हातांनी नसलेलं स्टिअरिंग फिरवत होता. मधेच डोळे उघडून म्हणाला, "मी न्हाई घेतलं. काही न्हाई घेतलं मी." जबाब घ्यायला आलेला हवालदार दारातूनच म्हणाला, "शुद्धीवर आल्यावर सगळे असंच म्हणतात. उद्या बघू."

दीपमाला भावाला व्हरांड्यात घेऊन आली. रात्रभराच्या जागरणानं तिचे डोळे खोल गेले होते.

"दादा, तू टॅक्टर बघून आल्ता ना? भाऊ सांगत होते."

"हो."

"केबिनमदी औषध येतं का रे? खरं सांग. काहीतरी येत असंल ना? थोडं तरी?"

इतक्या आशेनं ती त्याच्या तोंडाकडं बघत होती की त्याला नजर देववेना. "न्हाई," तो म्हणाला. "सगळं बराबर हाय."

तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मंग माझ्यामुळंच," ती म्हणाली. "आदल्या दिवशी मी लई बोलले त्यांना. त्यांच्या बहिणीकडं जायचं होतं आमाला, आन्‌ हे ऐन टायमाला बिभीषणभाऊंनी बोलवलं म्हणून निघाले. मी म्हणलं, तुमच्यापरीस तो टॅक्टर बरा, त्याला निदान कुठं वळायचं ते कळतं. हसले न्हाईत, चिडले न्हाईत. सकाळी भाकर बांधली होती, ती तशीच ठेवून गेले."

"अगं, एवढ्या तेवढ्यावरून कुणी..."

"कुणाच्या मनात काय असतं, काय सांगावं दादा?"

देवानंद तिच्या शेजारी बसला. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण ठेववला नाही. तो हात सकाळपासून त्याला नकोसा झाला होता. त्या रात्री घरी पडल्यावर डोळे मिटले की मातीनं चोळलेला फिल्टर दिसायचा.

सकाळी तो पुन्हा दवाखान्यात गेला. राजानंदची आई बेबीनंदा लेकीच्या गावाहून आली होती. लेकाच्या खाटेजवळच्या एकुलत्या स्टुलावर ती बसली होती आणि सुनेच्याच तोंडून भांडणाचं कळल्यावर तिनं तिच्याकडं पाठ केली होती. दीपमाला पायाशी उभी होती. कप घेऊन ती पुढं झाली, नवऱ्याचे ओठ ओले करावेत म्हणून, तर बेबीनंदानं तिच्या हातातून कप काढून घेतला.

"तू नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. "तुझ्या तोंडानं माझ्या लेकाला हितपत आणलं. आता हात लावू नको त्याला."

दीपमाला मान खाली घालून बाहेर व्हरांड्यात आली, आणि शिक्षा कबूल असलेल्या माणसासारखी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

ते देवानंदला बघवलं नाही. त्याच्या जागी ती उभी होती. त्याचं ओझं तिनं मुकाट्यानं डोक्यावर घेतलं होतं, आणि तो मोकळ्या हातांनी बघत होता.

"दीपे," तो जवळ जाऊन म्हणाला. "दाजी औषध प्यायले न्हाईत."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत हाय. केबिनमदी फिल्टरच नव्हता. मी काढला होता. माझ्याच हातानं फाटला, आन्‌ मी तसंच झाकण लावून दिलं. नवीन आल्ता, तो दुकानात पडून होता. दाजींनी त्या दिवशी फोन केल्ता, वास येतो म्हणून. मी म्हणलं, पंखा वाढवा."

तिला शब्द ऐकू येत होते, पण अर्थ एकेक करून आत उतरत होता.

"पण काल तू टॅक्टर बघून आल्ता."

"काल मी नवीन बसवला. त्याला माती चोळली. जुना वाटावा म्हणून."

"आन्‌ मी तुला विचारलं."

"हो."

"मी तुला विचारलं, दादा. थोडं तरी येतं का म्हणून विचारलं."

देवानंदला वाटलं ती आता मारेल. तिनं मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण दीपमाला नुसती दोन पावलं मागं सरकली, जशी तापल्या तव्यापासून सरकावी तशी.

"जा," ती म्हणाली. "त्या बाईंना सांग. हवालदाराला सांग. आधी आत्याबाईंना सांग. मी हितं उभी राहून ऐकते."

त्यानं आधी बेबीनंदाला सांगितलं. तिला फिल्टर म्हणजे काय ते नीट समजलं नाही, पण लेक औषध प्यायला नव्हता एवढं समजलं. ती स्टुलावरून उठली, बाहेर आली आणि सुनेचा दंड धरून तिला आत घेऊन गेली. देवानंदकडं तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "श्वासावाटे गेलंय तर," त्या म्हणाल्या. "छातीकडं जास्त लक्ष द्यावं लागेल. परवाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं." म्हणजे उपचारात फरक पडत नाही, हा आडोसाही खोटाच होता. हवालदारानं मात्र त्याला निरखून पाहिलं. "तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना? तुमच्यावर येईल हे."

"कळतंय," देवानंद म्हणाला.

दुपारी बिभीषणभाऊ आले. त्यांनी व्हरांड्यातच त्याची कॉलर धरली. "मला माती लावलेला फिल्टर दाखवला तू? मी गावभर सांगितलं, तो प्यायला म्हणून! माझ्या तोंडानं सांगितलं!" मग कॉलर सोडून ते आत गेले. राजानंदच्या खाटेपाशी बराच वेळ उभे राहिले. राजानंदनं डोळे उघडले, कोरड्या तोंडानं विचारलं, "भाऊ, यंत्र बंद केलं होतं ना? उगं औषध वाया गेलं असंल." बिभीषणभाऊंनी डोळ्यांना रुमाल लावला.

राजानंद वाचला. दवाखान्यातून घरी गेला, पण बरेच दिवस त्याच्या हातापायांत जोर नव्हता आणि थोडं चाललं की धाप लागायची. गावातली वार्ता पालटली खरी, पण जुनी सगळ्यांच्या तोंडातून गेली नाही. अजूनही कुणी कुणी म्हणतंच, काय खरं काय खोटं देव जाणे. देवानंदवर गुन्हा नोंदला गेला, त्याच्या तारखा चालू आहेत. दुकानही चालू आहे. काही गिऱ्हाइकं तुटली, काही राहिली. तो एकदा पांगरीला गेला होता. दीपमालानं दार उघडलं, तांब्याभर पाणी दिलं, आणि म्हणाली, "आत्ता नको, दादा. मला तुझा आवाज ऐकला की तो व्हरांडा आठवतो." तो पाणी पिऊन परत आला.

पावसाळा सरला, ऑक्टोबरचं ऊन चढलं, तेव्हा एका दुपारी बिभीषणभाऊंचा ट्रॅक्टर दुकानापुढं येऊन थांबला. मधल्या काळात तो जालन्याला दुसऱ्या मिस्तरीकडं जायचा, हे देवानंदला माहीत होतं. रस्त्यानं जाताना त्यानं तो पाहिला होता. राजानंद हळूहळू खाली उतरला. थोडा वाळला होता.

"जयभीम, दाजी."

"जयभीम. चालू केला की किंचाळतो. जालन्याचा मिस्तरी गावाला गेलाय."

देवानंदनं बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसरचा पट्टा ढिला होऊन कडेनं चिरला होता. राजानंद सावलीला बसला नाही. तो जवळ उभा राहून बघत होता, आणि प्रत्येक गोष्टीला विचारत होता, हे काय काढलं, हे कशाला, हे परत बसणार ना. देवानंद एकेक वस्तू त्याच्या हातात देऊन दाखवत होता. पट्टा बदलला, ताण दिला. किंचाळणं थांबलं. राजानंद वर चढला, टपाखालचं झाकण स्वतः उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं. देवानंद खाली उभा होता. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायचा हक्कही त्याच्याकडं नव्हता.

"दीपा कशी हाय?" अखेर त्यानं विचारलं.

"बरी हाय."

"मी येऊ का एकदा? दिवाळीच्या सुट्टीत?"

राजानंदनं चावी लावली.

"मी टॅक्टरपुरता आलोय, देवा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. "ते तिला विचार. ती हो म्हणली तर ये. मी आडवा येणार न्हाई."

त्यानं दोन्ही बाजूच्या काचा खाली केल्या आणि ट्रॅक्टर रस्त्याला लावला. देवानंद जुना पट्टा हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग आत जाऊन त्यानं हात पुसले आणि फोन उचलला. दीपमालाचं नाव काढलं. बराच वेळ त्याकडं बघितलं, आणि लावला.